रविवार सोडून चाळीस

मार्च लागला की आमच्या शाळेत पहिलं काम असतं ते बाकांवर नंबर टाकायचं. ओल्या फडक्यानं बाक पुसायचा, वाळू द्यायचा आणि मग खडूनं मोठा आकडा. बाहेर कडुनिंबाला मोहोर आलेला असतो, त्याचा कडसर गोड वास खिडकीतून आत येतो, पंखा फिरतो न फिरतो, आणि बिदरचं लाल धुळीचं ऊन वर्गाच्या दारापर्यंत येऊन थांबलेलं असतं. तीस वर्षं मी गणित शिकवते. आकड्यांचं मला तसं अप्रूप नाही. पण मार्चमधले आकडे मला सुखानं बसू देत नाहीत. कॅलेंडरसमोर उभी राहिले की बोट आपोआप चालायला लागतं, सोमवार, मंगळवार, शनिवारपर्यंत, आणि रविवार आला की बोट उचलून पुढच्या सोमवारवर. मुलगी विचारते, "आई, काय मोजायलीस?" मी म्हणते, सुट्ट्या. खोटं आहे ते.

ही खोड मला तीन वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यानं लावली.

प्रभुदास सर माझे शाळेतले गणिताचे मास्तर. पुढं मी त्याच शाळेत नोकरीला लागले आणि चार वर्षं आम्ही एकाच स्टाफरूममध्ये बसलो, तरी मी त्यांची विद्यार्थिनीच राहिले. मैलूरला आमच्या घरापासून चार गल्ल्या सोडून त्यांचं घर, दारात बोगनवेल, निळा कंपाउंड. शिक्षण उदगीरला झालेलं, म्हणून प्रार्थना मराठीत. भाजी कन्नडमध्ये आणायचे आणि राग आला की दखनीत शिरायचे. ख्रिस्ती घरातले, पण शाळेच्या गणपतीला आरतीचं तबक धरून उभे राहायचे आणि आरती संपेपर्यंत टाळ्यांची गणती मनातल्या मनात करायचे. ते गणती कशाचीही करत.

नववीतली एक दुपार मला अजून लख्ख दिसते. जेवणानंतरचा तास, निम्मा वर्ग पेंगलेला. सरांनी फळ्यावर एकच आकडा लिहिला, एकशे त्रेपन्न. "सांगा, ह्याच्यात काय लपलंय?" कुणीतरी म्हणालं, तिनानं भाग जातो. कुणी म्हणालं, नवानं पण. "ते वरवरचं झालं. आत बगा." मग त्यांनी एक, पाच, तीन वेगळे लिहिले, प्रत्येकाचा घन काढला. एक, एकशे पंचवीस, सत्तावीस. बेरीज पुन्हा एकशे त्रेपन्न. वर्ग जागा झाला. मग एकपासून सतरापर्यंतच्या आकड्यांची बेरीज करायला लावली. तीही तेवढीच. खडू ठेवून, हात झटकत ते म्हणाले, "आमच्या शास्त्रात इतके मासे हायत. रातभर जाळं टाकलं, एक मासा न्हाई. सकाळी काठावरून एकजण म्हणला, उजव्या बाजूला टाका. टाकलं तर जाळं वर येईना. एकशे त्रेपन्न. माझा प्रश्न एवढाच हाय. ते मासे मोजले कुणी? आन कामून मोजले?"

घंटा झाली. उत्तर सरांनाही बहुधा माहीत नव्हतं.

त्यांची एक लांबट वही होती, कापडी पुठ्ठ्याची. बायबलमधला जो आकडा नजरेला पडेल तो त्या वहीत. सात एका पानावर, बारा दुसऱ्या, चाळीसला चार पानं. पाच भाकरी होत्या तेव्हा बारा टोपल्या उरल्या, सात भाकरी होत्या तेव्हा सात टोपल्या. मग भाकरी वाढल्या तर टोपल्या कमी का झाल्या, यावर त्यांनी एक अख्खी मे महिन्याची सुट्टी घालवली होती. स्टाफरूममध्ये आम्ही त्यांची फिरकी घ्यायचो. एकदा कुणाच्यातरी बदलीच्या कागदासाठी त्यांना ऑफिसला चकरा माराव्या लागल्या. परत आल्यावर घाम पुसत म्हणाले, "भोवती फेऱ्या मारून यरीहो शहराच्या भिंती सात दिवसात पडल्या. मी आज सातवी फेरी मारली. क्लार्क जागचा हालला न्हाई." सगळ्यात जास्त तेच हसले.

मी हसायचे, पण जरा जपून. आमच्या घरात काय कमी आकडे होते? मी सात वर्षांची असताना वडील तापानं अंथरुणाला खिळले, तेव्हा आई मला घेऊन गाणगापूरला राहिली होती. सात दिवसांचं पोथीचं पारायण आणि दुपारी पाच घरची मधुकरी, चार नाही, सहा नाही. औदुंबराला प्रदक्षिणा घालताना मधेच कुणी हाक मारली आणि तिच्या तोंडून "ओ" गेली, तर पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या दिवशी तिला शिंक आली की काय झालं, अध्याय मधेच थांबला, तर तिनं सगळं पारायण एकपासून सुरू केलं. मी रडून म्हणाले होते, घरी चल, बाबा वाट बघत असतील. ती म्हणाली, "मोजणी चुकली तर पोचत न्हाई गं." कुणाला पोचत नाही, ते मी विचारलं नाही. वडील बरे झाले. आईच्या मते अकराव्या दिवशी, डॉक्टरांच्या मते गोळ्यांनी. त्या घरातली मुलगी सरांच्या वहीला कशी हसणार?

तर तो उन्हाळा. परीक्षा महिन्यावर आलेली. संध्याकाळी मी दारात चिंच फोडत बसले होते, तर सरांची मुलगी रूथ आली. रूथ सरकारी दवाखान्यात नर्स, एकदम खमकी बाई. भल्याभल्या पेशंटांना दरडावून झोपवते. ती पायरीवर बसली आणि चिंचोके बोटांनी इकडचे तिकडे करत राहिली.

"अक्का, अप्पांचा रिपोर्ट आला. तीन जागी बंद हाय. एक तर मेन नळीतच."

"मग?"

"मग काय. कलबुर्गीचे डॉक्टर म्हणाले, बायपास करा, पंधरा दिवसाच्या आत. वेळ लावला तर कवा काय हुईल सांगता येत न्हाई. आन हे म्हणायलेत, चाळीस दिवस झाल्याबिगर सुरी लावून घेणार न्हाई."

रिपोर्ट मंगळवारी हातात आला होता आणि दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार होता. तिथून त्यांचे ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस सुरू होतात. सरांना तो संकेत वाटला. जलप्रलयाचा पाऊस चाळीस दिवस, रानातली वणवण चाळीस वर्षं, येशूचा उपास चाळीस दिवस. चाळीस भरल्यावर माणूस पलीकडे निघतो, आधी निघाला तर अर्ध्यात बुडतो, असं त्यांनी वहीत मांडून ठेवलं होतं. दुपारचं जेवण बंद केलं होतं आणि चहा सोडला होता.

"तुम्ही सांगा त्यांना," मी म्हणाले. "तुम्ही तर नर्स."

"दुसऱ्याच्या बापाला सांगता येतंय अक्का." तिनं हातातले चिंचोके खाली टाकले. "माझं ऐकत न्हाईत. चर्चच्या पाळकांनी सांगून बगितलं, त्यांनाच उलटे चार आकडे ऐकवले. तुमी हरवा त्यांना. आकड्यात हरवा. दुसऱ्या कशानं ते हरत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी गेले. सर वेताच्या खुर्चीत बसलेले, मांडीवर वही, अंगातला सदरा मोठा झालेला. दाराशी उठून आले, तेवढ्यानं दम लागला. मी आल्या आल्या भांडायलाच सुरुवात केली. मला तोल सांभाळून बोलणं जमत नाही.

"सर, तुम्ही आम्हाला शिकवलं, पुरावा नसलेलं विधान फळ्यावर लिहायचं नाही. हे काय चालवलंय?"

"चाळीसच्या आधी केलेलं अर्धं राहातंय, वैजू."

"आणि चाळीसच्या आधी तुम्हीच राहिला नाही तर?"

ते हसले. हसता हसता खोकला आला आणि उजवा हात छातीकडे गेला. तो हात तिथं राहिला. मी मनात मोजायला लागले. एक, दोन, तीन. सहाव्या आकड्याला हात खाली आला. त्या दिवसापासून मला हीच सवय लागली, त्यांचा हात वर गेला की मोजायचं. कधी चार, कधी नऊ. एकदा चौदा.

परीक्षा सुरू झाल्यावर तर जास्तच हाल. हॉलवर जाताना आमचे फोन मुख्याध्यापकांच्या खोलीत पत्र्याच्या डब्यात जमा करायचे असतात. तीन तास मी रांगांमधून फिरायचे, पोरं खाली मान घालून लिहायची, आणि माझं सगळं लक्ष त्या डब्यात. आत्ता वाजत असेल का, रूथचा असेल का. पेपर गोळा करून, गठ्ठा बांधून, सही करून फोन हातात आला की आधी स्क्रीन बघायचे. मिस्ड कॉल नसला की मी भिंतीला टेकून एक मिनिट नुसती उभी राहायचे. तिकडं चाळिसाची वही आणि इकडं मी, दोघंही मोजतच होतो, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

रूथकडून मी मराठी बायबल मागून आणलं. आयुष्यात पहिल्यांदा उघडलं, तेही शिसपेन्सिल घेऊन. भक्तीनं म्हणाल तर तसं काही नव्हतं. मी त्यात सरांना अडकवायची जागा शोधत होते, एवढंच. आणि खरं सांगायचं तर हळूहळू मला त्याची चटक लागली. आकड्यांवर आकडे. कोणाचं वय, कुठल्या खोलीची लांबी, किती मेंढ्या, किती पावलं. आकडा बिचारा गप्प असतो. त्याच्या तोंडून आपण हवं ते वदवून घेऊ शकतो, आणि तो नाही म्हणत नाही. दहाव्या दिवशी मला पाहिजे ते सापडलं. एका तळ्याकाठी एक आजारी माणूस पडून असतो, अडतीस वर्षं. येशू त्याला विचारतो, तुला बरं व्हायचं आहे का. आणि बरा करतो.

मी तशीच ओला पदर खोचून चार गल्ल्या ओलांडल्या.

"अडतीस, सर. चाळीसला दोन कमी. तो म्हणाला नाही की आणखी दोन वर्षं पडून राहा, चाळीस भरू दे. तिथल्या तिथं उठवला."

सरांचा चेहरा इतका उजळला, की मला वाटलं जिंकले. "अगं, हे माझ्या वहीत न्हाई," म्हणत त्यांनी घाईनं टोपण काढलं, नवीन पान उघडून अडतीस लिहिलं. मग पेन तसंच हातात धरून म्हणाले, "पण अडतीस आणखी एका ठिकाणी हाय. रानातून वढा पार करेपर्यंत लोकांना अडतीस वर्षं लागली. तवर जुनी माणसं समदी संपली होती. म्हंजे अडतीस बी वाट बगणंच की."

मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांना दिसलं असणार. पेन खाली ठेवून म्हणाले, "तू शोधलंस, त्याचा मान ठेवतो. चाळीस भरले की एक दिवस जास्त मागणार न्हाई. शब्द देतो."

"नक्की?"

"मास्तरचा शब्द हाय."

घरी येऊन मी कॅलेंडरवर मोजलं. राखेच्या बुधवारपासून चाळिसावा दिवस रविवारी येत होता. दोनदा मोजलं, एकदा उलटं मोजलं. रूथला फोन केला. सर्जन हैदराबादहून दर पंधरा दिवसांनी कलबुर्गीला यायचे, त्या सोमवारी संध्याकाळी येणार होते. सोमवारी भरती, मंगळवारी सकाळी ऑपरेशन. माझ्या मोजणीवर भरवसा ठेवून रूथनं नाव लावलं. ही संधी हुकली तर पुढं पंधरा दिवस, आणि पंधरा दिवस कुणी देत नव्हतं. एवढे दिवस काढायचे, बस. मी रोज एक चौकोन खोडत गेले.

तो शेवटचा रविवार म्हणजे त्यांचा झावळ्यांचा रविवार. आमच्याकडं शिंदीच्या झावळ्या आणतात, पोरं त्या उंच धरून गाणी म्हणत गल्लीतून जातात, झावळ्यांची टोकं विजेच्या तारांना लागतील म्हणून मागून बायका ओरडत असतात. मी कोपऱ्यावर उभी होते. सर पांढऱ्या सदऱ्यात, रूथचा दंड धरून चालत होते. निम्म्या वाटेवर त्यांनी एका ओट्यावर बसकण मारली. हात वर गेला. अकरा. मग झावळी उचलून माझ्याकडे हलवली आणि हसले. मला वाटलं, झाले चाळीस. सुटले. त्या रात्री महिन्याभरात पहिल्यांदा गाढ झोप लागली.

सोमवारी सकाळी सहालाच गेले. त्या दिवशी गणिताचा पेपर होता, आणि ज्या विषयाचा पेपर त्या विषयाच्या मास्तराला हॉलवर घेत नाहीत, त्यामुळं मी मोकळी. दारात जीप उभी. रूथ पिशवी, रिपोर्ट, चादर, पाण्याची कॅन सगळं मागं ठेवत होती. तिचं तोंड पाहिलं आणि मी समजले.

"यायला तयार न्हाईत," ती म्हणाली. "चाळीस झाले न्हाईत म्हणायलेत."

मी आत गेले. सर खुर्चीतच, वही मांडीवर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"सर, काल चाळीस झाले. मी मोजलेत."

"काल चौतीस झाले, वैजू. आज पस्तिसावा."

"बुधवारपासून…"

"रविवार धरत न्हाईत त्यात. रविवार पुनरुत्थानाचा, आनंदाचा दिवस. आनंदाच्या दिवशी उपास न्हाई, म्हणून मोजणीत न्हाई. सहा रविवार गेले. शनिवारी चाळीस भरतात."

गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट. सात वर्षांची असताना आई मला सांगत होती, मोजणी चुकली तर पोचत नाही, आणि मी इतकी वर्षं गणित शिकवून दुसऱ्याचे दिवस माझ्या कॅलेंडरवर मोजत बसले. कुणाला विचारावंसंही मला वाटलं नाही. बाहेर जीपवाल्यानं हॉर्न दिला. मला सरांचा राग आला, माझा आला, आणि खरं म्हणजे भीती वाटली, नुसती भीती.

"द्या ती वही," मी म्हणाले. मागितली म्हणण्यापेक्षा हिसकावलीच.

चाळिसाचं शेवटचं पान. त्यांचं टपोरं अक्षर, एकाखाली एक ओळी, पाऊस, रान, उपास, रिपोर्टाची तारीख, आणि सगळ्यात खाली चौकट करून, ४०. हे पान मी आधीही वाचलं होतं, पण वाचलं होतं. आज मी ते तपासलं. पेपर तपासताना आमची नजर वेगळी चालते. वरच्या ओळी ऐसपैस होत्या, दोन ओळींत बोटभर जागा. खाली येता येता अक्षर बारीक होत गेलेलं, शेवटच्या तीन ओळी तर एकमेकींत घुसवलेल्या, चौकटीला धक्का लागू नये म्हणून. चौकट काळ्या शाईत आणि वरचं सगळं निळ्या.

असे पेपर मी शेकड्यांनी पाहिलेत. शेजाऱ्याचं उत्तर आधी दिसतं, ते खाली लिहून घेतात आणि मग वर पायऱ्या रचतात. पायऱ्या जागेत बसत नाहीत, म्हणून अक्षर चेपत जातं. हे ओळखायला मला सरांनीच शिकवलं होतं.

"सर," मी म्हणाले, "उत्तर आधी लिहिलंय तुम्ही."

त्यांनी वही माझ्या हातातून परत घेतली आणि मिटली.

"जायचं नाही हे आधी ठरलं. चाळीस मागनं आले."

बाहेर रूथ जीपवाल्याला थांबायला सांगत होती. सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला नाही.

"भ्या वाटायलंय, वैजू."

एवढा मोठा माणूस, आणि आवाज असा की मी मान खाली घातली.

"रूथची आई हैदराबादला आपल्या पायानं आत गेली," ते म्हणाले. "लहान ऑपरेशन म्हणले होते. मी बाहेर बसून फरश्या मोजल्या. एकशे बारा भरल्या. पुन्यांदा मोजल्या. तवर डॉक्टर बाहेर आला." थांबले. "मासे कुणी मोजले, म्हणून मी जलमभर इच्यारत फिरलो. आता कळायलंय. त्यांचा गुरू मेलेला, जग बुडालेलं, पुढं काय हुईल ठावं न्हाई. भ्यालेलं माणूस मोजतंय. दुसरं काय करील?"

धीर द्यायचे शब्द माझ्याकडे कधीच नसतात. तेच म्हणाले, जरा थट्टेनं, स्वतःला सावरत, "आन पस्तीसला तर काही वजनच न्हाई. सगळं धुंडाळलं. देवळाचे खांब तेवढे पस्तीस हात उंच हायत एका ठिकाणी. बास."

"मला आहे वजन," मी म्हणाले. "नववीचा सहामाहीचा पेपर. वडील म्हणाले होते, गणितात गेलीस तर शाळा बंद, घरी बस. तुम्ही पस्तीस दिले होते. लाल शाईत, गोल करून. मी तो पेपर घरी नेऊन मोजला, सर. तेहतीसच भरत होते. तीनदा मोजला."

"माझी बेरीज कवा चुकत न्हाई."

"म्हणूनच म्हणते."

ते माझ्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. मला भीती वाटायची, की सांगितलं तर ते दोन मार्क कुणीतरी परत घेईल.

"पस्तीसला पास करतात, सर. चाळीस लागत नाहीत."

बोगनवेलीच्या पाकळ्या वाऱ्यानं दारातून आत सरकत होत्या. मग त्यांनी खुर्चीच्या हाताला धरून उठायला सुरुवात केली, आणि मी त्यांना हात दिला नाही, कारण दिला असता तर ते बसले असते असं मला वाटलं. वही त्यांनी खुर्चीत ठेवली. दारातून मागं वळून एकदा पाहिलं आणि चपला शोधल्या.

हुमनाबाद मागं पडलं. पुढं तुरीची रिकामी रानं, वीटभट्ट्या, उन्हानं पांढरा झालेला रस्ता. रूथचा हात सगळ्या वाटेत त्यांच्या मनगटावर होता. ती नाडी मोजत होती, मी किलोमीटरचे दगड मोजत होते, आणि सर खिडकीतून बाहेर बघत होते. त्या जीपमध्ये काही न मोजणारे बहुधा ते एकटेच होते.

मंगळवारी सकाळी आठला आत नेलं. आत जाताना त्यांनी रूथच्या डोक्यावर हात ठेवला, माझ्याकडे बघून मान हलवली. दार मिटलं. डॉक्टर म्हणाले होते चार तास. चार झाले, पाच झाले. रूथ गुडघ्यांवर कपाळ टेकून प्रार्थना करत होती. मी फरश्या मोजायच्या नाहीत असं ठरवून बसले होते. साडेपाच तासांनी मी मोजायला लागले. आडव्या बावीस, उभ्या नऊ. मधल्या एका फरशीला तडा होता, ती एक धरायची की दोन, हे मला ठरवता येईना, आणि त्या एका फरशीवर माझा जीव टांगला होता. मी सरळ देवाला, कुठल्या ते मलाही माहीत नाही, म्हणाले, मी आणलंय त्यांना. ते शनिवारपर्यंत थांबणार होते. मी आणलंय.

सात तासांनी डॉक्टर आले. म्हणाले, झालं, पण अजून चोवीस तास काही सांगत नाही. ती चोवीस तासांची मोजणी मी इथं मांडत नाही.

बुधवारी संध्याकाळी नर्सनं एकेकाला दोन मिनिटांसाठी सोडलं. आधी रूथ गेली. बाहेर आली ती डोळे पुसत, पण कपाळाला आठ्या.

"अक्का, शुद्धीवर हायत. नळी हाय तोंडात, बोलता येईना. बोटांनी काईतरी इच्यारायलेत, मला कळंना. तुमी बगा."

मी हिरवा झगा घालून आत गेले. यंत्रांच्या गर्दीत सर लहान दिसत होते. डोळे उघडे. मला पाहिल्यावर उजवा हात चादरीवरून वर उचलला, सलाईनच्या सुईसकट, आणि मी सवयीनं मोजायला सुरुवात करणार तेवढ्यात दिसलं, हात छातीकडे जात नव्हता. त्यांनी तीन बोटं दाखवली. मूठ मिटली. मग पाच. भुवया वर केल्या.

मी वाकून त्यांच्या कानाशी गेले. "बेरीज परत तपासली, सर. पस्तीस बरोबर भरतात."

त्यांनी उशीवर डोकं हळूच डावीउजवीकडे हलवलं. नाही. मग तोच हात पुन्हा उचलला आणि दोन बोटं माझ्यासमोर धरली, तेहतिसाचे पस्तीस करणारे ते दोन मार्क, नर्स "वेळ झाली" म्हणेपर्यंत, तशीच.

बाहेर रूथ उभी होती. "काय म्हणाले अप्पा?"

मी तिचा हात धरला आणि मीही दोन बोटं दाखवली.